दुपारचा पहारा

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवून बसणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर वीजबिलाला भ्यालेला भाडेकरू. आमच्या वरच्या खोलीतल्या इमाला मी उन्हाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या प्रकारात टाकून दिलं होतं.

इमा म्हणजे मणिपूरकडच्या तिच्या भाषेत आई. ही लिंथोईची आई. लिंथोई आमची भाडेकरू. मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, दुपारी निघते आणि सगळे झोपल्यावर कंपनीच्या गाडीने परत येते. गुणाची पोट्टी, जिना चढताना पायही वाजवत नाही. मार्चमध्ये ती आईला घेऊन आली आणि म्हणाली, "आंटी, आमचं गाव जळलं ना, तेव्हापासून आई छावणीत होती. कॉलेजच्या एका वर्गात, खूप बायकांबरोबर. आता माझ्याजवळ राहील."

मणिपूरचं मी पेपरात वाचलं होतं, टीव्हीवर पाहिलंही होतं. पण टीव्हीवर जळणारं घर वेगळं आणि आपल्याच जिन्यात एक पिशवी घेऊन उभी राहिलेली बाई वेगळी. मला काय बोलावं ते सुचेना. आयुष्यभर मुलांच्या शाळेत शिकवलेली बाई मी, मला शब्द सुचत नाहीत ही गोष्ट आमच्या घरात सणासारखी लक्षात ठेवतात. शेवटी मी म्हटलं, "वरचा कूलर नवीन आहे." सांत्वन म्हणून मला एवढंच सुचलं.

आणि कूलर खरोखरच चांगला होता. माझे मिस्टर धम्मानंद रिटायर झाल्यापासून घरातल्या कूलरांची लेकरांसारखी निगा राखतात. होळी झाली की खस बदलतात, पंप तपासतात, टाकीला रंग देतात. वरची खोली स्लॅबखालची, दुपारी तवाच. तरी मी जेवण आटोपून वर डोकावलं की कूलर बंद. खिडकी उघडी, दार उघडं, आणि इमा खाटेच्या कडेला ताठ बसलेली, पायांत चपला घातलेल्या, घामाने निथळते आहे आणि माझ्याकडे बघून हसते आहे.

"कायको बंद करती कूलर?" मी माझ्या नागपुरी हिंदीत विचारायची. "बिल की फिकर मत करो. बिल अपन भरते ना!"

"ठीक है, ठीक है," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणायची. "गरमी नहीं."

गरमी नहीं! बाहेर डांबर वितळत होतं. मी स्वतः बटण दाबायची, ती मान लववून थँक्यू म्हणायची, आणि मी जिना उतरेपर्यंत वरची घरघर बंद झालेली असायची. पुन्हा वर जाऊन लावला तर पुन्हा तेच. सगळा एप्रिल आम्ही दोघी हा खेळ खेळलो. पालथ्या घड्यावर पाणी. धम्मानंद म्हणाले, "अवं प्रेमिला, तिले नसंल सोसत गार हवा. राहू दे न." पण माझा स्वभाव राहू देण्याचा नाही.

त्याच एप्रिलमधली गोष्ट. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीचा रविवार होता आणि आमच्या बेलतरोडीच्या लेआऊटमध्ये लायटिंगचं काम चाललं होतं. वायर बांधणाऱ्याने शिडी लावली आणि गंजलेली पट्टी सुटेना म्हणून पान्याने लोखंडी खांबावर ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण. भर दुपार, सगळी गल्ली वामकुक्षीत. इमा तीरासारखी जिना उतरून आली. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, आणि तोही लावलेला, डोक्यावर सूर्य आग ओकत असताना. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने दोन्ही टोकांना पाहिलं. आपल्याशिवाय कोणीच बाहेर आलं नाही म्हटल्यावर ती प्रत्येकाचं दार बडवत सुटली. माझं दार, गोपिकाचं दार, पुढच्या भावनाचं दार, दोन्ही तळव्यांनी.

समोरची गोपिका कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं वं? कोन मेलं?"

वायरवाला शिडीवर खांब धरून तसाच लटकलेला. आम्हाला आधी हसूच आलं. मग इमाचा चेहरा नीट दिसला आणि कोणी हसेना.

रविवार म्हणून लिंथोई घरी होती. तिने आईला जवळ घेतलं, टॉर्च विझवला आणि आम्हाला सांगितलं. त्यांच्याकडे बायकांची रीतच आहे. काही संकट आलं की दगड घेऊन विजेच्या खांबावर मारायचं. जिला ऐकू येईल तिने पुढचा खांब वाजवायचा, आणि सगळ्या बायकांनी मशाल नाही तर टॉर्च घेऊन रस्त्यावर यायचं. चोर असो, आग असो, हल्ला असो, आधी बायका बाहेर.

"आमच्याइकडे खांब वाजला तं फकस्त लाइट जाते," गोपिका म्हणाली आणि इमाला हाताला धरून घरात पाणी प्यायला घेऊन गेली. कणीक इमाच्या बाहीला लागली. मी वायरवाल्याला असं फैलावर घेतलं की त्याने बाकीची सगळी लायटिंग भिंतींच्या खिळ्यांवरच बांधली. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं.

यानंतर इमा आम्हाला बघून लाजायला लागली. दिसली की मान खाली. मला वाटलं, होईल हळूहळू ठीक. मी पन्हं पाठवलं, ताक पाठवलं, कांदा उशाशी ठेवायला सांगितला. उष्णतेवर जेवढं म्हणून माहीत होतं तेवढं केलं. मग मे लागला, आणि एका सकाळी ती जिन्यात कोसळली.

जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं. पण लिंथोई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आंटी, ती आल्यापासून झोपलेलीच नाही. रात्री नाही, दिवसा नाही. बसल्या बसल्या डुलकी लागते आणि दचकून उठते. मला म्हणते, परत छावणीत सोड. मी जूनचं तिकीट काढलंय. तिला एकटीला तिथे कशी टाकू? मीही नोकरी सोडते."

पोरीने किती धडपडून ती नोकरी मिळवली होती ते मला माहीत होतं. आणि छावणी! माझं घर सोडून बाई वर्गाच्या फरशीवर झोपायला निघाली होती. खरं सांगायचं तर मला राग आला. पण राग आला की मी स्वस्थ बसत नाही, हा माझ्या रागाचा गुण आहे.

माझ्या बहिणीची मुलगी दीप्ती धंतोलीला मानसोपचारतज्ज्ञ आहे. तिला घरीच बोलावलं. तिने आधी मलाच गप्प केलं. "मावशी, तुझं पन्हं-ताक पुरे झालं आता. त्यांले बोलू दे." मग लिंथोईच्या मदतीने इमाशी ती कितीतरी वेळ साध्या गप्पा मारत बसली. गोळ्यांचं नाव काढताच इमाने दोन्ही हात मागे घेतले. गोळी घेतली की गाढ झोप लागणार, आणि तिला तेच नको होतं.

"बरं," दीप्ती म्हणाली. "मग त्यांले विचार, शेवटची छान झोप कुठं लागली होती?"

इमा लगेच बोलली. लिंथोईने खाली मान घालून सांगितलं, "छावणीत."

माझा राग पुन्हा वर आला होता, पण दीप्तीने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग एकेक उलगडत गेलं. छावणीत बायकांच्या बाऱ्या असायच्या. बाकीच्या झोपायच्या तेव्हा दोघी जाग्या. सकाळी त्या झोपायच्या, दुसऱ्या जाग्या. "दोघी जाग्या आहेत हे माहीत असायचं," इमा म्हणाली, "म्हणून मला झोप यायची. इथे सगळेच झोपतात. दुपारी तर अख्खी गल्ली झोपते. मग कोणी तरी जागं नको का?"

"आणि कूलर?" मी विचारलंच.

लिंथोईने ते आईला विचारलंच नाही. स्वतःच उत्तर दिलं. त्यांच्या गावावर हल्ला झाला तेव्हा वीज गेलेली होती आणि इमाच्या जावेच्या घरी जनरेटर चालू होता. खांब वाजत राहिला. इमाने दारं बडवत बडवत शेजारपाजारच्यांना बाहेर काढलं. जावेच्या दारापर्यंत तिला पोचता आलं नाही. "बिलाशिनी काकूला खांब ऐकूच गेला नाही, आंटी. जनरेटरच्या आवाजात ती आत राहिली ती राहिलीच."

कोणी केलं, असं मी विचारलं. लिंथोई म्हणाली, "दोन्हीकडची घरं जळली, आंटी. आई कोणाचं नाव घेत नाही." मग मीही विचारलं नाही. आणि मी रोज जिना चढून जाऊन, प्रेमाने, तो जनरेटर तिच्या कानाशी लावून येत होते.

दीप्ती बॅग आवरायला लागली. म्हणाली, "यांचं मन अजून पहाऱ्यावर उभं आहे. पहारा सोडा म्हटल्यानं कोणी सोडत नाही. हलकी गोळी सुरू करू, थोडी थोडी. मी येत राहीन. पण आधी त्यांले भरवसा पाह्यजे."

"मंग पहारा बदलू," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"शिपायाची ड्यूटी संपते ते दुसरा शिपाई आला म्हंजे. आपण जाऊन बसू न. दुपारी आम्ही कोणता गड जिंकून राहिलो?"

दीप्ती हसली. "मावशी, हे औषध आमच्या पुस्तकात नाही. पण करून पाह्य."

मी त्याच संध्याकाळी गोपिका आणि भावनाला बोलावून वार वाटून टाकले. भावना शिवणकाम करते, तिने मशीनच वर नेऊन ठेवायची तयारी दाखवली, पण आवाज नको म्हणून हातशिलाईवर तडजोड झाली. गोपिकाचे मिस्टर रुपराव अर्धा आठवडा पारशिवनीला शेतावर असतात, त्यामुळे तिच्या दुपारी मोकळ्याच. जेवणं झाली की एकीने वर जायचं, जिन्याच्या तोंडाशी, जिथून गल्ली दिसते आणि ऐकूही येते तिथे बसायचं, आणि इमाने कूलर लावून झोपायचं. चहापर्यंत पहारा.

तुम्हाला वाटेल, झालं. बाई झोपली. छे! इमाने आधी आमची तपासणी घेतली. पहारेकरणीने चपला घालूनच बसायचं, ही पहिली अट. आपल्याच घरात चपला घालून बसणं मला जन्मात जमलं नव्हतं, तेही केलं. मग तिने लिंथोईकरवी विचारलं, मला ऐकू नीट येतं का. मला! मागच्या बाकावर कोणी चिंच चघळली तरी मी फळ्याकडे तोंड असताना नाव घेऊन उभं करायची, त्या मला! मी बाणेदारपणे होय म्हटलं, तर ती गल्लीच्या टोकाला जाऊन हलकेच गेट वाजवून आली आणि मला विचारलं, किती वेळा वाजलं. मी पास झाले. गोपिकाही पास झाली. धम्मानंदांनाही हौस होती, ते नापास झाले.

सुरुवातीला काही जमेना. ती आडवी व्हायची, डोळे मिटायची, आणि मी जरा हलले की एक डोळा उघडून बघायची. मी तुरीची डाळ निवडत बसायची, ती मला निवडत बसायची. मी म्हटलं, बाई, मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे, आता झोप. तिला ते हिंदीत कसं सांगावं कळेना म्हणून मी बोटाने डोळ्यांत तेल घालून दाखवलं, तर ती घाबरून उठूनच बसली.

ती झोपली गोपिकाच्या बारीला. याचं श्रेय मला मिळालं नाही हे मला आजही लागतं. गोपिका दुपारभर आपल्या बहिणीशी फोनवर बोलते. आवाज खणखणीत. पारशिवनीची मिरची, बहिणीची सून, दोघींची गुडघेदुखी. आवाज चालू आहे म्हणजे पहारा चालू आहे, असा इमाचा हिशेब बसला असावा. त्या दिवशी माझा फोन वाजला आणि आयुष्यात पहिल्यांदा गोपिका कुजबुजत बोलली.

"बाई, या न वर. झोपली वं! घोरून राहिली!"

मी धावत गेले. खोलीत कूलर पूर्ण जोरात चालू होता आणि त्याच्यावर इमाचं घोरणं. तोंड भिंतीकडे, एक पाय खाटेबाहेर. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू आलं. गोपिकाही रडायला लागली. फोनवर तिकडे बहीण हॅलो हॅलो करत राहिली.

त्यानंतर रोज नाही, पण बहुतेक दुपारी ती झोपायची. चेहरा उतरला होता तो भरायला लागला. दीप्ती खूश झाली, गोळीही चालू होती. पण लिंथोईने तिकीट रद्द केलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "आई अजून जायचंच म्हणते. तुम्ही सगळ्या तिच्यासाठी एवढं करता, तिला अवघडल्यासारखं होतं. म्हणते, मी इथे ओझं आहे."

ओझं! आम्ही तिला काडी उचलू देत नव्हतो. चहाचा कप विसळायला घेतला तरी हातातून काढून घेत होतो. अजून काय करायचं माणसाने?

मग नवतपा लागला, मेअखेरचे ते आगीचे नऊ दिवस. त्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि दोन रात्री आम्ही गच्चीवर डासांशी गप्पा मारत काढल्या. दिवसा वीज आली. दुपारी माझी बारी. त्यात जेवायला आंब्याचा रस होता, आणि रस वाटीभर खाऊन थांबणाऱ्यांतली मी नाही. वर जाऊन बसले, चपला घातल्या, सुपात डाळ घेतली. कूलरची थोडीशी झुळूक जिन्यापर्यंत येत होती. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हतेच.

जाग आली तेव्हा मी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपले होते. कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलेलं. खाट रिकामी. शिपाई झोपला, आणि ज्याच्यासाठी पहारा तो गायब! आता ही बाई पुन्हा कधी डोळा मिटायची नाही, आमच्या सगळ्या कष्टांवर मीच पाणी ओतलं, असं मनात आलं आणि मी धडपडत उठले.

इमा खालच्या पायरीवर बसली होती. माझ्या चपला तिच्या पायांत, सूप मांडीवर, तोंड गल्लीकडे. डाळ निवडून झाली होती.

"मेरेकू उठाना था ना!" मी ओरडलेच. स्वतःवरचा राग होता, निघाला तिच्यावर. "कोई आता तो?"

"मैं थी ना," ती म्हणाली.

मग ती बोलली. इतकं लांब हिंदी तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. शब्द शोधत, हातवारे करत तिने सांगितलं. तिला जाग आली. मला झोपलेलं पाहून छाती धडधडायला लागली. कूलर केवढा तरी घरघरत होता, बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. दारं बडवायला जावं असं वाटलं. पण मी फार दमलेली दिसत होते. मला उठवायला तिला बरं वाटेना. म्हणून माझ्या चपला घातल्या आणि बसली. "पहले डर से जागती थी," ती म्हणाली. "आज तुम्हारे लिए जागी."

जरा थांबून तिने विचारलं, "मेरा बारी कौन सा दिन?"

छावणीत जी झोपायची ती जागायचीही. झोप तिला फुकट मिळत नव्हती, म्हणून ती तिची होती. आणि आम्ही तिला पाहुणी करून ठेवलं होतं. पाहुण्याला काम सांगायचं नाही हे आमच्या इतकं अंगात मुरलेलं की वार वाटताना तिचं नाव घ्यावं हे तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही. माझ्या वर्गात सगळ्यात रडक्या मुलालाही मी फळा पुसायचं काम द्यायची. हे मला कळायला हवं होतं.

"मंगळवार," मी म्हटलं. "मंगलवार तुम्हारा."

तिने एकदाच मान हलवली, हुकूम घेतल्यासारखी.

संध्याकाळी इमासमोरच गोपिकाला आणि भावनाला सांगितलं, तर गोपिका बोललीच; तिने बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं. "थे सगळं ठीक आहे बाई. पण मंगळवारी झोपन कोन?"

भावना माझ्याकडे पाहायला लागली. मग गोपिका. मी म्हटलं, माझ्याकडे काय पाहता, मी ठणठणीत आहे, मला पहाऱ्याची काय गरज, आमच्यावर कोण चालून येतं?

"कोई नहीं आता," इमा म्हणाली. "फिर भी."

दोन दिवसांनी लिंथोई सकाळी खाली आली. डोळे लाल, पण हसत होती. म्हणाली, आईने छावणीतल्या मैत्रिणीला फोन करून कळवलंय, जूनमध्ये येणं जमणार नाही, इथे मंगळवारी तिची बारी असते. "आंटी, तिकीट रद्द करू ना?" तिने मला विचारलं, जणू आई माझी आहे. मी म्हटलं, आधी कर, मग चहा पी.

मंगळवारी मी वर गेले. नुसतं डोळे मिटून पडायचं ठरवलं होतं, तिच्या समाधानासाठी. इमा जिन्याशी जाऊन बसली, पाठ ताठ, नजर रस्त्यावर. मी खाटेवर आडवी झाले आणि माझ्या लक्षात आलं की माझी आई गेल्यापासून "तू झोप, मी आहे" असं मला कोणी म्हटलेलं नाही. लग्न, नोकरी, लेकरं, आजारपणं, सगळ्यांच्या उशाशी मीच जागी. चहाच्या वेळी धम्मानंद मला उठवायला आले, तर इमाने त्यांना जिन्यातच अडवून परत पाठवलं. दोघांची चांगली हुज्जत झाली म्हणे. मला काहीही ऐकू आलं नाही.